बरणीला हात

दर उन्हाळ्यात मंदाबाई घरासाठी वर्षभराचा मुरंबा घालायच्या आणि पाळीच्या दिवसांत सुनेला, ज्योत्स्नाला, बरणीजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. एकदा मुरंब्याला बुरशी आली, तेव्हा "हिनंच बरणीले शिवलं असन," असं सगळ्या आळीत सांगून आल्या.

मूल व्हावं म्हणून ज्योत्स्नाचे उपचार चालू होते. पण पोटातल्या गाठी वाढत गेल्या आणि यंदा सावंगीच्या दवाखान्यात तिची गर्भपिशवीच काढावी लागली.

ती घरी आली तेव्हा मंदाबाई कैऱ्या किसत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला मायेनं जवळ बसवलं आणि बरणी तिच्यापुढे सरकवली.



"जे झालं ते बरंच झालं, पोरी. आता बाराही महिने बरणीले हात लावत जाजो."