पुजलेले बल्ब

आमच्या बहिणीला, कुसुमला, जुळं झालं, त्या वर्षी थोरल्या भावानं द्राक्षाच्या पैशातून दोनच माणसं बसतील अशी जुनी, लाल स्पोर्ट्स कार घेतली. वहिनी मात्र तिच्यात बसेना. "दिवे बघा, देवघरातल्या समईएवढे. मी न्हाई मरायला यायची."

म्हणून भावानं खंडेनवमीला जास्त उजेडाचे नवे बल्ब आणले. काचेला बोट लागलं तर तापल्यावर बल्ब फुटतो, असं मेकॅनिकनं बजावलं होतं. भावानं ते धुतलेल्या रुमालात धरून ओट्यावर ठेवले आणि पाना आणायला आत गेला. परत येतो तर वहिनीनं नव्या वस्तूंची पूजा उरकलेली. दोन्ही काचांवर ओलं हळदकुंकू.

"अगं, हे पुसायला लागतंय!"

"पुजलेलं पुसलंत, तर जन्मात बसायची न्हाई."

भाऊ जरा वेळ बल्बांकडे, जरा वेळ वहिनीकडे बघत राहिला. मग त्यानं ते तसेच बसवले.

दिवेलागणीला दोघं देवीला निघाली, मी सायकलवर मागं. ओढ्यापाशी एक बल्ब फुटला, पुढच्या वळणावर दुसरा. आता वहिनी उतरणार, असं मला वाटलं. पण तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आवं, उजवीकडं घ्या, म्हस बसलीया. आता सरळ. हळू!"

"होय सरकार," म्हणत भाऊ बैलाच्या चालीनं गाडी हाकत होता. मी घंटी वाजवून पुढं गेलो.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बल्ब आणायला निघाला, तर वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मी हाय की."

भाऊ पुढच्या वर्षी माघ वद्य पंचमीला आजारानं वारला; तोवर गाडीला बल्ब बसले नाहीत, रात्री वाट वहिनीच दाखवायची.