मंडईचे पाहुणे

“निर्मलाबाई! आलो वं आमी!”

मनिष दचकून उठला. अंगणात दोन अनोळखी बाया, एक म्हातारी आणि एक तिची सून असावी, हक्कानं नळावर पाय धूत होत्या. म्हातारीनं शिंगाड्यांची पिशवी ओसरीवर ठेवली, आत डोकावली आणि भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहून मटकन खालीच बसली.

“माय वं! कधी?”

“आषाढात,” मनिष म्हणाला. “झोपेतच.”

आज सानगडीची मंडई. दिवाळी सरली की इकडं गावोगाव मंडई, म्हणजे एक दिवसाची जत्राच भरते, आणि त्या दिवशी ज्याच्याकडं पाहुणा नाही त्याचं घर म्हणजे ओसाडच. आळीत दारोदार वडे तळले जात होते. लेकी, जावई, साडू, मामे-मावस, नुसती रेटारेटी! फक्त याच घराची चूल थंड. निर्मलाबाईचा हा एकुलता लेक नऊ वर्षं पुण्यात. दर साली तिचा फोन जायचा, “मंडई हाय बापा, येजो.” दर साली याला सुट्टी नसायची. आता आई गेल्यावर बरी मिळाली सुट्टी! सकाळपासून ओसरीवर बसून त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. सगळ्या गावात पाहुणे, आणि आपली आई एकटी ताटावर कशी बसत असेल? घास तरी कसा उतरत असेल? नुसता जीव तुटत होता त्याचा.

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. नाव सत्यभामाबाई, गाव दिघोरी.

“सानगडीत आमचं ना नातं, ना गोतं. मंडई पाहाले आलो अन फाट्यावर झाडाखाली शिदोरी खाऊन राहिलो होतो. बाईनं पाहिलं. म्हने, मंडईच्या दिवशी कोनी झाडाखाली जेवते का? चला घरी! तवापासून दरसाली हेच घर. आमच्यासारखे दहा-बारा जन गोळा करे बाई. नाही म्हनलं तरी वडे वाढतच राहे.”

मनिषच्या छातीवरचं ओझं उतरलं. आई एकटी नव्हती! ओसरी भरून पंगत बसत होती तिची. त्याला हसू आलं आणि रडूही. मी तिचा लेक, तुमचे उपकार कसे फेडू, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात सुनेनं विचारलं, “भाऊ, तुमालेई बाईनं फाट्यावरूनच आनलं होतं का?”

तो काही बोलायच्या आत सत्यभामाबाईच म्हणाली, “अन मनिष कुठी हाय? लय जीव होता बाईचा त्याच्यावर. पन आमी येवाच्या आदीच तो गेलेला राहे. बाई म्हने, ‘रात्री आला, सकाळी जेवून गेला. माझा मनिष मंडई चुकवत नाही.’ इतक्या सालात एकडावई भेट नाही झाली पाहा. यंदाई आला का नाही तो?”

मनिषनं फोटोकडं पाहिलं. मग मान खाली घातली.

“आला होता,” तो म्हणाला. “आत्ताच जेवून गेला.”