विणणारी

"केकवर नाव काय घालायचं, ते विचारायला बेकरीवालीचा सकाळपासून दोनदा फोन आलाय," कर्स्टी म्हणाली.

हिल्डाआजीने चहात दूध ओतलं. रविवारी चर्चमध्ये पणतवाचं नामकरण होतं. नाव नातीने, कर्स्टीने, तो पोटात असतानाच ठरवलं होतं, वेबस्टर. आजीचं माहेरचं आडनाव. तिला भाऊ नव्हता, तिच्यामागे ते आडनाव लावणारं कोणी उरणार नव्हतं. आजी तेव्हा नातीला "कशाला गं" म्हणाली होती आणि मग आठवडाभर सगळ्या गल्लीला सांगत सुटली होती.

"टॉम ठेवावं म्हणते," कर्स्टी कपात बघत म्हणाली.

आजीने दुधाचं भांडं खाली ठेवलं.

"रागावू नकोस. काल दवाखान्यात पक्कं सांगितलं. त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. हाक तरी कुणाला मारायची, आजी? निदान ओठांवरून कळेल असं छोटं नाव असू दे." तिने बाहीने डोळे पुसले. "आणि लियम म्हणतो, त्या नावाचा अर्थच विणणारी बाई. पोराला बाईचं नाव."

"बरोबर म्हणतो तुझा नवरा. विणणारी. विणणारा नव्हे. बुवामंडळी मागाहून घुसली त्या कामात."

आजी उठली. तिने धुलाईचं यंत्र चालू केलं. ते जुनं होतं, हललं की कपबशाही हलायच्या. मग नळ पूर्ण सोडला, रेडिओ मोठा केला. कानातली ऐकण्याची दोन्ही यंत्रं काढून बशीत ठेवली आणि स्वयंपाकघराच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. तिचे ओठ हलले. आवाज नाही.

कर्स्टीला हे माहीत होतं. लहानपणी तिने म्हाताऱ्यांना रस्त्याच्या दोन बाजूंना उभं राहून असं बोलताना पाहिलं होतं, आणि ती हसलीही होती. आजी काम करायची त्या कापडगिरणीत मागांच्या आवाजाने कानठळ्या बसायच्या. तिथे बायका ओठांनीच बोलायच्या, भांडायच्या आणि एकमेकींची लग्नं जमवायच्या.

"टॉम," कर्स्टी ओठांवरून वाचून म्हणाली.

आजीने नकारार्थी मान हलवली आणि नळ बंद केला. "डॉब म्हटलं मी. माझ्या काकाचा घोडा."

कर्स्टीला रडता रडता हसू आलं.

"टॉम काय नि डॉब काय, बाहेरून सारखंच. तोंडातल्या तोंडात बोलायची नावं. माझंही तसंच. गिरणीत मला कधी कुणी हिल्डा म्हटलंच नाही. दिसायचंच नाही ते. आता हे बघ." तिने ओठांचा चंबू केला, मग ते उघडले, घट्ट मिटले आणि पुन्हा पसरले. "वेबस्टर. पार त्या टोकाच्या मागावरून दिसायचं. मी लगेच ओ द्यायची."

कर्स्टीने बाळाला पाळण्यातून उचलून छातीशी धरलं.

"तो एकटा पडेल गं, आजी."

आजीची कानातली यंत्रं बशीतच होती. पण नातीचा शब्द न् शब्द तिने पाहिला होता.

"आमच्या तिथे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली. "पण एकटं कुणी नव्हतं, पोरी."

खिडकीच्या काचेवर टकटक झाली. मागच्या अंगणात लियम फोन कानाला लावून उभा होता. त्याने फोनकडे बोट दाखवलं, मग हवेत गोल केक काढला आणि भुवया उंचावल्या. धुलाईचं यंत्र अजून धडधडत होतं, रेडिओवर कोणी गात होतं. काच उघडायला कर्स्टीचा हात कडीपर्यंत गेला.

मग तिने तो मागे घेतला. ओठांचा चंबू केला, उघडले, मिटले, पसरले. बाळ मान वर करून तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं.

लियमने तिच्या ओठांकडे नीट पाहिलं. मग हसला, आणि फोनवर त्याचे ओठ हलले. काचेतून काहीच आवाज आला नाही. कर्स्टीला नाव स्पष्ट ऐकू आलं.