चारशे बारा फोटो

"जोर लावू काय?" बाबाजींनी विचारलं.

"हात नका लावू!" सुनंदा ओरडलीच. "मोडेल ना!"

घरच्या कॉम्प्युटरचा डबा जेवणाच्या टेबलावर उघडा पडला होता. लेकीनं, श्रुतीनं मुंबईहून कुरियरनं धाडलेली मेमरी वाढवायची रॅमची पट्टी आतल्या फटीत काही केल्या उतरत नव्हती. सकाळचे नऊ वाजले होते. उद्या अकराला पंचायतीत बैठक होती.

गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर, कातळात कोरलेली तीन चित्रं होती. एक गोल, एक नक्षीचा चौकोन आणि दोन पावलं. किती जुनी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तो सडा चिरेखाणीला जायचा होता. तीन चित्रांना तीन कुंपणं घालतो, मधला कातळ तेवढा कापतो, असं खाणवाला म्हणत होता. सुनंदाला मात्र त्या मधल्या कातळातच काहीतरी दिसायचं. ऊन कललं की बारीक चर उमटायचे. जवळ जावं तर हरवायचे. पण खाणीला परवानगी देणाऱ्या साहेबांपुढे जाऊन 'मला वाटतं' म्हणून भागणार नव्हतं.

म्हणून मागच्या आठवड्यात चार दिवस दोघं सड्यावर होती. सुनंदानं तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेली. तिनं दोरी लावून रांगा आखल्या. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले बाबाजी बांबूच्या टोकाला मोबाइल बांधून त्या रांगांवरून चालले. चारशे बारा फोटो निघाले. ते जोडून एकच मोठं चित्र करणारा प्रोग्रॅम श्रुतीनं मागेच मशीनवर बसवून दिला होता. पण दर वेळी एक्केचाळीस टक्क्यांवर मशीन थांबायचं आणि लिहून यायचं, मेमरी अपुरी. गावातल्या नेटवर्कवरून एवढे फोटो मुंबईला पाठवायचे तर आठवडा गेला असता.

सुनंदानं जुनी पट्टी काढली आणि नवीच्या शेजारी ठेवली. लांबी तंतोतंत सारखी. मग तिनं फूटपट्टी घेतली.

"अहो, खाच बघा. नवीची खाच पुढे सरकलीय. ही ह्या मशीनची नव्हेच!"

"मग आता?"

"स्कूटर काढा."

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसणाऱ्या राजश्रीनं दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या वाचल्या. "काकू, ही जुनी डीडीआर थ्री. ताईनं पाठवलीय ती फोर. दिसायला बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी कधीच बसणार नाय. आतल्या मदरबोर्डाचा फोटो आणलाय?"

सुनंदानं आणला होता. राजश्रीनं तो मोठा करून बोर्डाचा नंबर वाचला आणि तिच्या कॉम्प्युटरवर शोधला.

"फटी दोनच. एकेकीत आठ जीबी, म्हणजे सोळापर्यंत घेईल."

"जुनी चारची ठेवून एकच आठची घेतली तर?"

"चालेलही. नायतर दोघींचं पटणार नाय आणि मधेच बंद पडेल. तुमचं काम उद्याचं आहे ना? मग एकाच कंपनीची, एकाच वेगाची जोडी न्या. घरी गेल्यावर आधी वायर काढा. पट्टी बसली की दोन्ही बाजूंचे चाप टकटक वाजले पाहिजेत."

दुपारी एक वाजता जोडी फटीत उतरली. सुनंदानं बटण दाबलं. पडदा काळाच. आतून तीन शिट्ट्या ऐकू आल्या.

"गेलं काय गो?" बाबाजींचा चेहरा उतरला.

"थांबा." तिनं वायर काढली, डब्यावर वाकली. एका पट्टीचा डावा चाप उघडाच होता. तिनं दोन्ही अंगठे ठेवून दाबलं. टक्.

ह्या वेळी पडदा उजळला. सोळा! बाबाजींनी टाळीच वाजवली.

मग फोटो जोडायला लागले. दहा टक्के. पंचवीस. चाळीस आल्यावर दोघंही पडद्याजवळ सरकली. एक्केचाळीस. बेचाळीस. "पळाली, गाडी पळाली!" बाबाजी खुर्चीतून उठले ते पुन्हा बसलेच नाहीत. भात थंड झाला. साठ, ऐंशी, ब्याण्णव. साडेचारला चित्र उघडलं.

आधी नुसता तपकिरी कातळ. मग सुनंदानं ते लहान करत करत पूर्ण पडद्यात आणलं आणि तिचा हात माऊसवरच राहिला.

गोल म्हणजे डोकं होतं. नक्षीचा चौकोन म्हणजे कमरेचं वस्त्र. पावलं म्हणजे पावलंच. मधले बुजत आलेले चर जोडले जाऊन खांदे झाले होते, छाती झाली होती, मांड्या झाल्या होत्या. सड्यावर सत्तावीस मीटर उंचीचा एक माणूस दोन्ही हात पसरून उताणा पडला होता. खाणवाल्यानं चुन्यानं आखलेली पहिली रेघ त्याच्या छातीवरून गेली होती.

"आई गं," बाबाजी हळूच म्हणाले. "चार दिवस आपण ह्याच्या अंगावरून चालत होतो."

सुनंदा हसत होती आणि डोळे पुसत होती. मग एकदम उठून तिनं श्रुतीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या भिंतीवर प्रोजेक्टरमधून तो माणूस उभा राहिला तेव्हा सगळं सभागृह उठून पुढे आलं. साहेबही खुर्ची सोडून भिंतीजवळ गेले. खाणवाल्यानं मात्र पिशवीतून एक जुना कागद काढला.

"साहेब, ही वीस वर्षांपूर्वीची सरकारी मोजणी. तीन चित्रं, सुटी सुटी, शिक्क्यासकट. उद्या कुणीही उठून कॉम्प्युटरवर काहीही जोडेल. म्हणून हा नकाशा चुकीचा ठरवायचा काय?"

साहेबांनी सुनंदाकडे बघितलं.

"ठरवायचा," सुनंदा म्हणाली. "खालची सही वाचा. माझीच आहे."