खऱ्या नावाचा नियम

"सातवा नियम मला मान्य न्हाई," शिवकन्या म्हणाली आणि तिने फासे मुठीत दाबून धरले.

तेलगावच्या हंगामी वसतिगृहात रविवारची दुपार होती. टँकर आला नव्हता, त्यामुळे धुण्याला सुट्टी. नववीतला उत्तरेश्वर ओट्यावर कागदी किल्ला मांडून बसला होता. खेळातली गोष्ट तोच सांगायचा. बाकीचे त्यातलं एकेक पात्र होऊन फासे टाकायचे. नियमांची वहीही त्याच्याकडेच. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

शिवकन्या बहुरूपी होती. घार, शिपाई, राणी, हवं ते रूप तिला घेता यायचं. दुष्काळात राजाने विहिरीवर पहारा बसवला होता आणि तिला गावासाठी तिथून एक घागर पाणी आणायचं होतं. सहा रविवार ती सगळ्यांना चकवत आली होती, म्हणून दर रविवारी तिच्यासाठी एक नवा नियम निघायचा. पाहिलेलंच रूप घ्यायचं. घेतलं की डाव संपेपर्यंत सोडायचं नाही. तिने सगळे पाळले.

आजचा मात्र तिला झोंबला. बहुरूप्याला कुणी खऱ्या नावाने हाक मारली, की रूप गळून पडणार आणि खेळाडू बाद.

"कावून? नावावर काय हाय एवढं?"

"नावावरच समदं हाय," राजा झालेला शहादेव म्हणाला. "छबूचं नाव यादीत न्हवतं, तर धाडलंच की गीताबाईंनी तिला फडावर."

पोरं गावोगावची, दिवाळीनंतर इथेच पहिल्यांदा भेटलेली, पण वसतिगृह सांभाळणाऱ्या गीताबाईंनी परत पाठवलेल्या छबूची आठवण सगळ्यांनाच आली. पाऊस रुसला तशी कारखान्याच्या सोसायटीने भादव्यातच यादी केली होती. एका घरातलं एकच नाव. ते इथे राहणार, शाळा शिकणार. बाकीची पोरं आईबापांमागे ऊसतोडीला. त्याच दिवाळीत शिवकन्याच्या बहिणीचं लग्नही उरकलं होतं. फडात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि मुकादमाला कोयते कमी पडत होते. चौदा वर्षांची पोर! शिवकन्याला त्याचा भयंकर संताप यायचा, आणि तो ती फाशांवर काढायची.

चार हात वर झाले. नियम मंजूर.

"लिव्हा," ती म्हणाली. "पन बहुरूप्याचं नाव मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. मारा तीन हाका. चुकलात तर घागर माजी."

"मैना!" शहादेव ओरडला. "चित्रा! बिजली!"

तिन्ही फुकट गेल्या. उत्तरेश्वरने तोंड वाकडं करत घागर तिच्या नावापुढे मांडली. शिवकन्याला फार आनंद झाला, पण तिने तो गालातच दाबला.

तेवढ्यात फाटकाशी ट्रक थांबला. कडा कारखान्याकडे निघालेल्या ऊसतोड टोळीतली एक बाई भाकरीचं गाठोडं घेऊन उतरली. गीताबाई यादी घेऊन पुढे झाल्या. दीड महिन्याने लेक दिसली तशी त्या माउलीला भान राहिलं नाही.

"सत्यभामा! अगं सत्यभामा, म्या आले गं!"

गीताबाईंनी यादीवरून बोट फिरवलं. "या नावाची इथं कुणी नाही, बाई."

यादीतल्या बहिणीचं नाव पांघरलेल्या सत्यभामाने फासे उचलले आणि मागे वळून पाहिलं नाही.