नत्थूची पत्ती

"पत्ती उतरून राहिली माही. जरा पाहून दे ना," म्हणत नत्थूने सनई पुढे केली.

देवीदासने ती घेतली. सनईच्या तोंडाशी बसवायची ती ताडाची चपटी पत्ती जुळवण्यात अख्ख्या अमरावतीत त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण वाजवावी नत्थूनेच, असं लोक म्हणत. दोघेही पुंजारामबुवांचे चेले, एकाच अंगणात शिकलेले. नत्थूची सनई ऐकून माणसं थांबत, देवीदासची ऐकून पुढे जात. देवीदासला हे कधी पचलंच नाही.

आज तर सुभद्रेचा प्रश्न होता. बुवांची ही एकुलती लेक दोघांनाही हवी होती. दोघांचं वाजवणं ऐकतो, मग लेक कुणाला द्यायची ते सांगतो, असं बुवा म्हणाले होते. कुणाला देणार हे वेगळं सांगायला नकोच होतं.

देवीदासने पत्तीचं टोक किंचित कापलं. सूर जागेवर आला. नत्थू पाणी प्यायला वळला, तसं त्याने चाकूने तेच टोक खरवडून पार पातळ केलं. आता खालचे सूर गोड लागतील, वरचे फाटतील.

नत्थूने खालचे दोन सूर काढून पाहिले. "मस्त झाली गड्या. तुह्यासारखा दोस्त नाही."

देवीदासला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नत्थूच्या चुलीपुढे बसलेली सुभद्रा डोळ्यांपुढे आली आणि त्याने चाकू कनवटीला खोचला.

बुवा अंगणात डोळे मिटून बसले होते. नत्थूची सनई वर चढली आणि फाटली. पुन्हा चढली, पुन्हा फाटली. तो घामाघूम होऊन खाली बसला. मग देवीदासने जीव ओतला. इतकं चांगलं त्याने आजवर वाजवलं नव्हतं.

बुवांनी आपली चांदीच्या कड्यांची सनई त्याच्या मांडीवर ठेवली. "आता माह्या जागी तू."

देवीदासचे डोळे भरून आले.

"कापसाले सोन्याचा भाव आला तवापासून शेठलोकाइच्या लग्नाले अंत नाही," बुवा म्हणाले. "अकोला, अचलपूर, मी फिरतच राहिलो. सुभद्रेची माय माही वाट पाहता पाहता गेली. आता तू फिरजो."

मग ते नत्थूकडे वळले.

"तू घरीच राहाशील. लेक तुले देल्ली."