मधला खांब

हालुवानं आपलं मुसळ चेंगोआजोबांच्या पायाशी टाकलं. "घ्या. कायातलंच लाकूड आहे. दंडाची कोंबडी उद्या आणून देते."

काया म्हणजे गावामागचं पूर्वजांचं जंगल. तिथली वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही. नेलीच, तर ते लाकूड ज्या घरात असेल तिथे पूर्वज कुणाला धड झोपू देत नाहीत. आजोबा त्या जंगलाचे राखणदार. दंड ठरवणारे तेच, आणि आजवर त्यांनी कुणाला पिसाचीही सूट दिली नव्हती.

"चूक कळली ना? मग झालं," ते म्हणाले.

"माझी मला कळली. आता तुमची बघा." हालुवानं त्यांच्या नव्या घराकडे हनुवटी उडवली. "तो मधला खांब बाजारातून आणलाय होय? आणि वर सगळ्यांना विचारत फिरता, मला झोप का लागत नाही म्हणून."

आजोबांनी मुलाकडे पाहिलं. त्सुमा आपली नखं न्याहाळू लागला.

आजोबा उठले. खांबावर लिंपलेली माती त्यांनी खरवडली. आत लालबुंद गाभा. असं लाकूड कायाखेरीज आता कुठेच उरलेलं नव्हतं. अख्खं छप्पर त्या एका खांबावर होतं. अंगणात जमलेले शेजारी आजोबांकडे बघू लागले. आज म्हाताऱ्यानं स्वतःला सूट दिली, तर उद्या कोळशासाठी झाडं तोडणारे कुऱ्हाडी घेऊन कायात शिरणार, हे त्यांना कळत होतं. आजोबांनाही कळत होतं.

"त्सुमा, पहार आण."

"अहो, छप्पर खाली येईल," काद्झोआजी म्हणाल्या. "पाऊस तोंडावर आलाय. राहायचं कुठे?"

"काजूच्या झाडाखाली. लग्न झालं तेव्हा काय महालात होतीस?"

"तेव्हा माझे गुडघे दुखत नव्हते," म्हणत आजींनी मडकी बाहेर काढायला घेतली.

दुपारपर्यंत झावळ्यांचं छप्पर धुळीत बसलं. आजोबांना फार वाईट वाटलं. हे घर उभं करायला त्यांना नऊ वर्षं लागली होती. मग बापलेकांनी खांब खांद्यावर घेतला. पाच पावलांतच दोघे वाकले, तशी हालुवा मधे शिरली.

"माझं मुसळ बरं होतं की," ती धापा टाकत म्हणाली.

कायाच्या तोंडाशी तिघांनी वहाणा काढल्या. खांब आत नेऊन त्यांनी पाचोळ्यात आडवा केला. "इथंच कुजू दे त्याला," म्हणून आजोबा मागे वळले.

पायवाट माणसांनी भरली होती. सगळे अनवाणी. कुणाच्या हातात कुदळीचा दांडा, कुणाच्या काखेत खाटेचे दोन पाय. दोघी बहिणींनी मिळून एक दार धरलं होतं. मान कुणीच वर करत नव्हतं.

सगळ्यांत मागे सरकारनं नेमलेला मुखिया उभा होता, गणवेशात. डोक्यावर त्याच्या कचेरीतली खुर्ची, उलटी धरलेली.